विकायचे नाहीत

गिदोनच्या कोटाचं मधलं बटण एकाच दोऱ्यावर लोंबत होतं. बोलताना त्याचा हात वर गेला की ते पुढं झुकायचं, हात खाली आला की पोटावर येऊन टेकायचं, आणि दीनाचं सगळं लक्ष त्या बटणात गुंतून पडलं होतं. काळं, चार भोकांचं, कडेचा टवका उडालेलं. आता पडेल, मग पडेल... पण पडत नव्हतं.

"आक्का, ऐकतेस ना?"

"ऐकतेय. कोट काढ."

"मी शेअरचं बोलतोय आणि तू —"

"बोल की. कोट काढून बोल. बटण लावून देते."

त्यानं कोट काढून दिला. नुसत्या सदऱ्यात तो एकदम लहान दिसायला लागला, खांदे उतरलेला, परीक्षेच्या सकाळी तिच्यापुढं उभा राहायचा तसा. गिदोन तिच्याहून नऊ वर्षांनी धाकटा. आई गेली तेव्हा तो पाटी घेऊन शाळेत जात होता आणि ती नर्सिंग शिकत होती. त्याचे कपडे, पुस्तकं, पुढं मास्तरकीचं ट्रेनिंग, सगळं तिच्या पगारातून झालं. ती मिशनच्या दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डाची थोरली नर्स होईतो तोही मास्तर झाला, सारासारखी शहाणी बायको त्याला मिळाली. दीनाचं लग्न राहून गेलं. दर वेळी कुणाचं ना कुणाचं बाळंतपण आडवं आलं, असं ती हसून सांगायची, आणि विचारणाराला तेवढं पुरायचं. तिलाही पुरायचं... बहुतेक वेळा.

"राधाकृष्णशेठ आज दिवस मावळेपर्यंतच घेणार आहेत," गिदोन सांगत होता. "पंचवीसच्या शेअरला बारा रुपये. उद्या कुणी दोनसुद्धा देणार नाही. चेअरमनच तुरुंगात म्हटल्यावर सरकार बँकेला मोकळं सोडेल? आणि जपान्यानं ब्रह्मदेश घेतला, कलकत्त्याची माणसं घरं सोडून निघाली म्हणतात. अशा दिवसांत बँकेचा कागद घेऊन बसायचं म्हणजे..."

तिनं सुईत दोरा ओवला. बेचाळीस साल, सप्टेंबर. महिन्याभरापूर्वी देशभर धरपकड झाली होती आणि त्या पहिल्याच लाटेत उद्यम बँकेचे चेअरमन रंगनाथराव येरवड्याला गेले होते. तेव्हापासून बँकेच्या दारात रोज गर्दी. ठेवीदार ठेवी काढत होते, आणि शेअरवाले एकमेकांची तोंडं बघत होते, कारण ठेव काढता येते, शेअर काढता येत नाही. तो विकावा लागतो, आणि घेणारा गावात एकच होता.

रंगनाथराव. त्यांच्या सुनेचं मूल पायाळू होतं, रात्रभर दीना तिच्या उशाशी होती. महिन्याभरानं ते स्वतः दवाखान्यात आले. तिला वाटलं, पेढे आणले असतील, लुगडं आणलं असेल; नको म्हणायची तयारी करूनच ती बाहेर आली. तर ते म्हणाले, "बाई, मी उपकार फेडायला आलो नाही. मागायला आलोय. नगरच्या माणसांची नगरची बँक काढतोय. तुमचं नाव भागीदारांत पाहिजे." वर्गणी मागायला लोक यायचे, ते तिला ठाऊक होतं. पण तुमचं नाव पाहिजे असं कुणी आजवर म्हटलं नव्हतं. तिनं दहा शेअर घेतले. गिदोन तेव्हाही म्हणाला होता, आपल्या माणसानं पैसा पोस्टात ठेवावा. पहिल्या डिव्हिडंडातून तिनं एक छत्री घेतली — लाकडी मुठीची, चांगली — आणि पाऊस नसतानाही दोन दिवस ती हातात घेऊन हिंडली.

पण ते पैशाचं झालं. पैशाचं काय, आज आहे उद्या नाही. ती बँकेची पहिली सभा तिच्या डोक्यातून जात नव्हती... सात वर्षं झाली तरी. शाळेचं सभागृह, ओळीनं खुर्च्या, आणि तिचे पाय दारातच थांबले. आत बसलेली माणसं पागोट्यांची, टोप्यांची. बाई एकही नाही. आई वाण्याकडं जायची तेव्हा ओट्याखाली उन्हात उभी राहायची, हाक येईपर्यंत, आणि लहानगी दीना तिच्या पदराआड. ते ऊन एकदम तिच्या टाळूवर आलं. दवाखान्यात कुणाच्याही घरच्या बाईला ती बेधडक हात लावते, पाटलाची असो की ब्राह्मणाची, वेणा सुरू झाल्या की जात विचारायला कुणाला सवड नसते. पण इथं वेणा नव्हत्या, नुसत्या खुर्च्या होत्या. शिपायानं बोट केलं: ती रिकामी आहे बघा. रिकामी नव्हती. तिच्यावर भाकरीचं गाठोडं होतं, आणि शेजारी एक शेतकरी गृहस्थ, पांढऱ्या मिशांचा. त्यानं तिच्याकडं पाहिलं. "कोनत्या गावच्या तुमी?" तिनं गाव सांगितलं, नेवाशाकडचं, आणि आडनावही सांगितलं, भिंगारदिवे, त्यानं जात विचारण्याआधीच. "म्हंजी आमच्या शेजारचंच की," तो म्हणाला, आणि त्यानं गाठोडं उचलून मांडीवर घेतलं.

एवढंच. ती बसली, सभा झाली, हात वर करायचा तेव्हा तिनं केला. पण ते गाठोडं त्यानं कशासाठी उचललं? तिला जागा व्हावी म्हणून, की भाकरीला तिचा पदर लागू नये म्हणून? त्याच्या तोंडावर काहीच नव्हतं. पुढच्या दर सभेला ते गृहस्थ, शेजारगावचे पाटील आप्पासाहेब, भेटले, नमस्कार झाला, पाऊसपाण्याचं बोलणं झालं, त्यांच्या थोरल्या सुनेला तिनं दवाखान्यात तपासलंही. पण तो प्रश्न तसाच आत बसून राहिला, काट्यासारखा नाही, काटा टोचतो तरी... नुसता बसून राहिला.

"झालं का?" गिदोननं कोटासाठी हात पुढं केला. तिनं दोरा दातानं तोडला.

"चल," ती म्हणाली.

"कुठं?"

"तूच म्हणालास ना, शेठ वाट बघतायत?"

त्याचा चेहरा उजळला. तिला त्याची कीव आली, आणि स्वतःची थोडी चीडही, कारण आपण कशासाठी निघालो आहोत ते तिला ठाऊक नव्हतं. विकायला? बघायला? पण खोलीत बसून तर होणार नव्हतं. आणि खरं म्हणजे गिदोन बरोबर बोलत होता. प्रत्येक वाक्य बरोबर. दहा शेअर गेले तर मिशन तिला जन्मभर पोसणार नव्हतं. बरोबर बोलणाऱ्या माणसाचा इतका राग यावा, हे काही बरं नाही, असं ती मनाशी म्हणाली. आणि राग तसाच राहिला.

रस्त्यात भिंतींवर डांबरानं लिहिलेली अक्षरं कुणीतरी चुना फासून पुसली होती, पण चुन्याखालून 'छोडो' तेवढं स्पष्ट दिसत होतं. गिदोन त्या भिंतीकडं न बघता चालला. त्याच्या शाळेतली तीन पोरं पोलिसांनी नेली होती, तेव्हापासून त्याला प्रत्येक भिंत आपल्याकडं बघतेय असं वाटायचं. किल्ल्याकडचा रस्ता बंद होता. आत मोठमोठे पुढारी आणून ठेवलेत, असं सगळं नगर म्हणत होतं, आणि सगळं नगर ते हळू आवाजात म्हणत होतं. भिंगारच्या छावणीतल्या लष्करी मोटारी धुरळा उडवत जात होत्या. लढाईत चिल्लर गायब झाली होती, म्हणून पानवाला सुट्या पैशांऐवजी पोस्टाची तिकिटं देत होता आणि गिऱ्हाईक ती जिभेवर न भिजवता जपून खिशात ठेवत होतं.

"आपण या भानगडीत पडू नये, आक्का," गिदोन म्हणाला. "ही मोठ्या लोकांची भांडणं. उद्या काँग्रेसवाल्यांच्या बँकेत तुझं नाव सापडलं तर दवाखान्याच्या मडमबाई काय म्हणतील?"

आपण. हा शब्द तो नेहमी किती सहज म्हणतो... आपण म्हणजे कोण? मिशनच्या कंपाउंडातले? परवा प्रार्थनेनंतर मडमबाईंनी अगदी मायेनं विचारलं होतं, तुमच्या त्या बँकेचे गृहस्थ पकडले गेले ना? तुमच्या. आणि बाजारात आलं की लोक म्हणतात, तुमची मडम, तुमचं सरकार. आत गेलं की बाहेरची, बाहेर आलं की आतली. सगळ्या मुलखात तिला 'आमची' असं एका कागदानंच म्हटलं होतं, बँकेच्या छापील कागदानं, 'आमच्या भागीदार', आणि तो कागद बारा रुपयांना जाणार होता.

सहादेव शिंप्याचं दुकान कापडबाजारात, बँकेच्या अगदी समोर. सहादेव स्वतः पाच शेअरांचा धनी. त्यामुळं शेअरवाल्यांची बैठक त्याच्याकडंच भरायची. आज दुकानात खाकीचे ढीग होते. लष्कराच्या अर्ध्या चड्ड्या. कंत्राट राधाकृष्णशेठचं, शिवण सहादेवची. त्या ढिगाला टेकून शेठ बाकावर बसले होते, पन्नाशीचे, हसरे, स्वच्छ धोतर, आणि पायरीवरून गोजरबाई उतरत होती, भाजीवाली, दोन शेअरांची मालकीण... होती. पदराच्या टोकाला गाठ मारत ती दीनाला म्हणाली, "सुटले बाई एकदाची. रातीला डोळा लागंना. तुमीबी टाका इकून." आणि खरंच तिचा चेहरा सुटल्यासारखा दिसत होता, बाळंत झालेल्या बाईसारखा. दीनाला क्षणभर तिचा हेवा वाटला.

आत आप्पासाहेब होते. पेट्रोलच्या टंचाईत कोळशावर चालणाऱ्या मोटारीनं आलेले, मिशांवर काजळी, धोतरावर काजळी. सात वर्षांत ते खूप वाकले होते... की या महिन्यातच?

"या बाई," शेठनी बाकावर सरकून जागा केली. "मास्तर म्हणाले होते, तुम्ही याल."

ती उभीच राहिली.

बोलणं आधीच रंगलं होतं. सहादेव मशीन थांबवून म्हणाला, "गेल्या साली सहा टक्के दिला, शेठ. बँकेत पैसा असल्याबिगर दिला का? औंदाही काहीतरी देतील."

"देतील, देतील. कोण देतील?" शेठ म्हणाले. "सभा एकवीस तारखेला. चेअरमनच्या खुर्चीवर कोण बसणार? डायरेक्टरांत दोघे तुरुंगात, एक फरारी, उरलेले घराबाहेर पडत नाहीत. ठेवीदार रोज रांग लावतायत. डिव्हिडंडचं नाव काढू नका सहादेव, मुद्दल वाचलं तर देवाला नारळ फोडा."

आप्पासाहेब इतका वेळ जमिनीकडं बघत होते. त्यांनी मान वर केली. "शेठ, एक इचारू? बँक बुडनारच हाय तर तुमी कशापाई घेताय?"

सहादेव हसला. गिदोनही हसला आणि मग गप्प झाला. दीनाला वाटलं, आता शेठ चिडतील, आता खोटं काहीतरी बोलतील, आणि मग सगळं सोपं होईल. पण शेठही हसले.

"विचारलंत ते बरं झालं. मी जुगार खेळतोय, आप्पासाहेब. गवताचे, सरपणाचे, या खाकीचे पैसे मला छावणीतून येतात. त्यातले थोडे इथं बुडले तर माझ्या घरात चूल पेटायची राहणार नाही. तुमचे बुडले तर? आणि लपवत नाही, बँक वाचली तर ती माझी होईल. चेअरमन मी होईन. पण ती वाचेपर्यंत कळ काढायची ताकद तुमच्यात आहे का, एवढंच मी विचारतो."

याला काय उत्तर द्यायचं? माणूस खोटं बोलत नव्हता, आवाज चढवत नव्हता, कुणाचा हात पिरगळत नव्हता. रंगनाथरावांइतकाच नीट बोलत होता, किंबहुना जास्त नीट. फक्त रंगनाथराव म्हणाले होते तुमचं नाव पाहिजे, आणि हा म्हणत होता तुमचं नाव काढून घ्या. तिच्याजवळ हिशेब नव्हता, मुद्दा नव्हता, सरकार काय करील याची काडीची माहिती नव्हती... तरी पोटात काहीतरी घट्ट होत चाललं होतं, वेणा आवळाव्यात तसं.

"बाई, तुमचं त्यातल्या त्यात बरं," शेठ तिच्याकडं वळले. "इंग्रज राहो की जपानी येवो, तुमचा दवाखाना चालणारच. तुमच्या मडमेला साहेबांकडून काही कळलं असेल ना? सरकार बँकेला टाळं ठोकणार का?"

सगळे तिच्याकडं बघायला लागले. सहादेवच्या डोळ्यांत आशा होती, आणि त्या आशेनंच तिला जास्त लागलं. हिला कळलं असेल, ही त्यांच्यातली. ज्यांच्या मोटारी रस्त्यातून धुरळा उडवत जातात त्यांच्यातली.

"मडमेचे शेअर नाहीत, शेठ," ती म्हणाली. "माझे आहेत."

"म्हणूनच म्हणतो —"

"आणि मला विकायचे नाहीत."

मशीनच्या चाकावर सहादेवचा हात होता, तो तसाच राहिला. गिदोन खाकरला. "आक्का, आपलं सकाळी ठरलं होतं."

"तुझं ठरलं होतं."

"पण कारण काय, बाई?" शेठनी खरोखरच कुतूहलानं विचारलं. "बँकेवर भरवसा आहे? रंगनाथराव सुटतील असं वाटतंय? काही तर असेल."

"नाहीत विकायचे," ती म्हणाली. एवढंच वाक्य तिच्याजवळ होतं, आणि दुसऱ्यांदा म्हटल्यावर ते पहिल्यापेक्षा जड झालं, पायाखाली ठेवता येईल इतकं. लहानपणापासून तिनं प्रत्येक गोष्टीला कारण दिलं होतं. उशीर झाला त्याला कारण, लग्न नाही त्याला कारण, छत्री घेतली त्यालाही कारण. मी कारण देत नाही. नाही देत. बघू काय होतं... काहीच झालं नाही. छत कोसळलं नाही. शेठनी खांदे उडवले आणि आप्पासाहेबांकडं हात केला.

"मग आप्पासाहेब, तुमचं?"

आप्पासाहेबांनी बंडीच्या आतून फडक्यात गुंडाळलेले कागद काढले. वीस शेअर. फडक्याची गाठ बोटांना सुटेना. "पोरगा आत हाय," ते कुणाकडंही न बघता म्हणाले. "पुन्यात धरला. तारा तोडल्या म्हनत्यात. त्यानं तोडल्या का न्हाई देवाला ठावं. वकील पैका मागतोय. न्हाईतर मी इकलं नसतं."

तारा तोडणाऱ्याच्या बापाचे शेअर छावणीच्या कंत्राटदाराला जाणार होते, वकिलासाठी. बाहेर पुन्हा एक लष्करी मोटार गेली आणि दुकानातली धूळ हलली. दीना त्या बोटांकडं बघत होती. याच बोटांनी गाठोडं उचललं होतं. गाठ सुटली. कागद आता शेठच्या हातात जाणार, आणि एकवीस तारखेला शेजारच्या खुर्चीवर... कुणीतरी दुसराच, किंवा कुणीच नाही.

"आप्पासाहेब," ती म्हणाली, आणि आपला आवाज तिला दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला. "मला द्या. मी घेते. पंचवीसला पंचवीस."

"आक्का!"

"पोस्टात आहेत माझे. सोमवारी काढून देते."

शेठनी भुवया उंचावल्या. हसू गेलं नव्हतं, पण पातळ झालं होतं. "बाई, बाजारात बारा भाव आहे."

"असू दे."

आप्पासाहेबांनी तिच्याकडं पाहिलं. मग त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. "तुमाला कसं इकू?"

तिच्या अंगातून गरम काहीतरी वर आलं. आता आलं. आता तोंडावर आलं, सात वर्षांनी. मला नाही विकणार. भिंगारदिव्यांच्या बाईला नाही. शेठला चालेल, बारालाही चालेल...

"बुडंल म्हनूनच इकतोय ना मी?" आप्पासाहेब पुढं म्हणाले, सावकाश, जणू स्वतःलाच समजावत. "बुडनारी चीज वळखीच्या मानसाला इकायची व्हय? तुमच्या जन्माची कमाई ती. उद्या बुडाली म्हंजी कोनत्या तोंडानं दवाखान्याच्या दारात येऊ?"

"आणि मी अनोळखी का?" शेठ हसून म्हणाले.

"तुमी शेठ हाय," आप्पासाहेब म्हणाले. सहादेवनं तोंड फिरवलं, हसू लपवायला.

त्यांनी कागद पुन्हा फडक्यात गुंडाळले. आज नको, मंगळवारी येतो, तोवर वकिलाला थांबवतो, असं म्हणाले, आणि मोटार चुकेल म्हणून उठले. पायरीवर थांबून त्यांनी दीनाला हात जोडले. तिनंही जोडले. शेठनी मागून सांगितलं, मंगळवारी बारा असतीलच असं नाही. त्यावर आप्पासाहेबांनी मान डोलावली, ते ठाऊक आहे अशी. मग ते बाजाराच्या गर्दीत गेले आणि त्यांचं पागोटं थोडा वेळ दिसत राहिलं.

वळखीच्या माणसाला. रस्त्यावर आल्यावर तो शब्द तिच्या कानात ऊब धरून बसला होता, आणि ती तशी चालत होती, शब्द सांडू नये अशी... आणि मग एकदम तिला स्वतःचाच संताप आला. एवढ्यावर? एका शब्दावर? सात वर्षं मी एक प्रश्न पोटात वागवला आणि यानं एक शब्द टाकला की मी विरघळायची? ओळखीची म्हणाला, म्हणून लगेच डोळे भरून यायचे, जसे नर्सिंगचा दाखला मिळाला तेव्हा आले, मडमबाईंनी पाठीवर हात ठेवला तेव्हा आले, खुर्चीवर बसायला मिळालं तेव्हा आले? कुणी काही दिलं की आभार. कुणी काही काढून घेतलं नाही तरी आभार. पण त्या सभागृहातली जागा मला कुणी दिली नव्हती. मी पैसे मोजले होते, पंचवीसला पंचवीस, त्यांच्याइतकेच. गाठोडं त्यानं कशासाठी का उचललेलं असेना.

"तू शुद्धीवर आहेस का?" गिदोन शेजारून तणतणत होता. "पोस्टातले सगळे! म्हातारपणाचे! आणि कुणासाठी? त्या पाटलासाठी? आक्का, आपल्या आजोबांना त्याच मुलखातून एका रात्रीत निघावं लागलं, चर्चमध्ये गेले म्हणून. याच लोकांनी विहीर बंद केली होती. तुला माहीत नाही?"

"माहीत आहे."

"मग त्याचा एवढा पुळका?"

त्या क्षणी तिला दुसरंच काहीतरी दिसलं होतं. पुळका होता का तो? पोरगा तुरुंगात, बाप फडक्याची गाठ सोडतोय, हे पाहून पोटात तुटलं होतं, ते खरं. शेठच्या हसण्याचा राग आला होता, तेही खरं. पण 'मला द्या' म्हणाली तेव्हा त्या दोन्हींच्या खाली आणखी काहीतरी होतं, आणि ते काही दयेसारखं नव्हतं. पाटलाचे वीस शेअर. भिंगारदिव्यांच्या नावावर. ज्या मुलखातून एका रात्रीत निघावं लागलं त्या मुलखातल्या पाटलाची जागा पैसे मोजून, त्याच्या हातून, भर बाजारात... असं होतं का? तिनं स्वतःला नीट विचारलं, आडवळण न घेता. असेल. तसंही असेल.

आणि आता लाज वाटायला हवी होती. रविवारी चर्चमध्ये गुडघे टेकून कबूल करावं असं ते होतं. ती वाट बघत चालली, लाज येईल म्हणून. आली नाही.

"तुला बँकेची मालकीण व्हायचंय का?" गिदोननं चिडून विचारलं.

"मालकीणच आहे मी," ती म्हणाली. "दहा शेअरांपुरती."

तो थांबला. तिच्याकडं अशा नजरेनं बघत राहिला की जणू ताप मोजायचा आहे. मग त्याचा आवाज उतरला. "आक्का, बुडाली तर गं?"

हा प्रश्न महिनाभर ती टाळत आली होती. आज तिनं तो पहिल्यांदा पुरता आत घेतला. बुडाली तर. बँकेच्या दाराला टाळं, छापील कागद चुलीत घालायच्या लायकीचा, हात थकतील तेव्हा गिदोनच्या घरातली एक खाट, साराचं चांगलं वागणं, आणि त्या चांगल्या वागण्याचे रोज मानायचे आभार... तिला भीती वाटली. चांगलीच वाटली. पण भीती एका बाजूला उभी राहिली आणि दुसऱ्या बाजूला जे घट्ट झालं होतं ते घट्टच राहिलं. दोन्ही एकाच अंगात मावतात, हे तिला या वयात कळत होतं.

"बुडाली तर बुडाली," ती म्हणाली. "बुडताना मी तिथं असेन. एकवीस तारखेला. शेठ चेअरमनसाठी उभे राहतील तेव्हा हात वर कोण करत नाही, ते त्यांना मोजावं लागेल."

गिदोन कोपऱ्यावरून घराकडं वळला. रात्री जेवायला ये, सारा वाट बघेल, असं मात्र सांगून गेला. सवयीनं तिनं त्याला हाक मारून, पोरांना जप, बाहेर सोडू नकोस, असं म्हटलं, आणि त्यानंही सवयीनं हो म्हटलं.

दवाखान्याच्या रस्त्याला चौकात ती अडली. छावणीच्या मोटारींची रांग चालली होती, एकामागून एक, आणि माणसं दोन्ही कडांना मागं सरून भिंतीला लागून उभी होती, तोंडावर पदर, उपरणी. दीना रस्त्याच्या कडेला होती तिथंच राहिली. धुरळा तिच्या पांढऱ्या पातळावर बसला, पापण्यांवर बसला. पोस्टात नेमके किती आहेत, ते तिला आठवत होतं. आप्पासाहेब मंगळवारी येतील. येतील की नाही कुणास ठाऊक, आले तरी मला देणार नाहीत. पण विकणारे आप्पासाहेब एकटेच नव्हते. गोजरबाईचे दोन गेले, ते गेले. सहादेव आज गप्प होता, रात्री बायको त्याच्या मागं लागेल. माळीवाड्यातला तो पेन्शनर, घाबरट. भिंगारचा गवंडी. कर्जतची ती दोघं भावंडं, ज्यांनी एकेकच घेतला होता आणि सभेला दोघंही यायची... एका मोटारीनंतर दुसरी जात होती, आणि आणखी कोण कोण विकायच्या बेतात असेल, त्यांची नावं ती मनातल्या मनात, एकेक करून, घेत उभी होती.